जुना सुटा रेंजफाइंडर: निवड आणि जुळणी

सुटा रेंजफाइंडर, म्हणजे दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून वस्तूचे अंतर सांगणारे, कॅमेऱ्यापासून वेगळे असलेले छोटे उपकरण, विकत घेण्यापूर्वी तो उजेडातील वस्तूवर रोखून दुसरी प्रतिमा स्पष्ट दिसते का, हे अवश्य पाहावे. कारण आतील अर्धपारदर्शक आरशाचा मुलामा उडालेला असेल, तर बाहेरून कितीही देखणे असले तरी ते उपकरण माझ्या मते घेऊ नये. चकतीवरील अंतराचे आकडे फुटांत आहेत की मीटरमध्ये, तेही तपासावे.

जुळणीसाठी चकती अनंतावर (∞, म्हणजे अतिदूरच्या अंतराच्या खुणेवर) ठेवून दूरची एखादी उभी कड, उदाहरणार्थ बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारातून राजहंसगड किल्ल्याच्या तटाची, न्याहाळावी आणि दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसेपर्यंत जुळणीचा स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवावा. प्रतिमा वरखाली दिसत असतील, तर तो दोष निराळा असून त्यासाठी आरशाचा कल सुधारावा लागतो. आरसा मात्र कापडाने पुसू नये. त्यानंतर फितीने मोजलेल्या २ मीटर अंतरावर पडताळणी करावी.