पारा चढला तरी दहिवर पडतंच : आल्प्समधल्या बागांचा अनुभव आणि द्राक्ष बागायतदारांसाठी थंडीतला सल्ला

जिनिव्हात एका ठरलेल्या चेस्टनटच्या झाडाला पहिलं पान कधी फुटलं, याची नोंद १८१८ पासून ठेवली जाते. झाड म्हातारं झालं की दुसरं नेमतात, पण वही तीच चालू राहते. पूर्वी हे पान बहुधा मार्च-एप्रिलात फुटायचं. २००२ साली ते २९ डिसेंबरलाच फुटलं. हे शहरातलं झाड, त्याला शहराची ऊब मिळते, हे मान्य. पण बाझेलजवळच्या लीस्टालमध्ये १८९४ पासून एका चेरीच्या झाडाचा फुलोरा टिपला जातो आणि गेल्या तीसेक वर्षांत तोही लवकर येऊ लागला आहे.

बागायतदाराने तापमानवाढीकडे पाहावं ते असं, झाडाच्या डोळ्यांनी. आकडेही हेच सांगतात. स्वित्झर्लंडमध्ये देशभराच्या तापमानाची सलग नोंद १८६४ पासून आहे. १८७१ ते १९०० या काळाच्या तुलनेत आज तो देश सुमारे २.९ अंशांनी तापला आहे, म्हणजे जगाच्या सरासरी वाढीच्या दुपटीच्या आसपास. समुद्रापेक्षा जमीन लवकर तापते. त्यात डोंगरावरचा बर्फ कमी झाला की उघडी पडलेली काळी जमीन आणखी ऊन शोषते. १९९१ ते २०२० या तीस वर्षांत देशाची वार्षिक सरासरी ५.८ अंश होती, २०२२ मध्ये ती ७.४ वर गेली. डोंगरात शंभर मीटर चढलं की पारा साधारण अर्धा-पाऊण अंश उतरतो. त्या हिशेबाने २.९ अंश म्हणजे अख्खी बाग चारशे-पाचशे मीटर खाली आणून लावल्यासारखं झालं.

इतकं तापल्यावर तिथल्या बागांना थंडीची भीती उरली नसेल, असं वाटेल. घडलं उलटंच. २०१७ चा मार्च फार उबदार गेला, द्राक्षवेली आणि फळझाडं वेळेआधी फुटली, आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सलग दहिवराच्या, म्हणजे दव गोठवणाऱ्या, रात्री आल्या. द्राक्ष, चेरी, सफरचंद, सगळ्यांचंच मोठं नुकसान झालं. २०२१ च्या एप्रिलात वाले प्रांतातले जर्दाळू गेले. २०२४ मध्ये एप्रिलच्या सुरुवातीला उन्हाळ्यासारखी ऊब होती आणि महिनाअखेरीस कोवळे फुटवे करपले.

यात गोम आहे ती कळीच्या वयात. झोपलेला डोळा, म्हणजे अजून न फुटलेली कळी, कडक थंडी सोसतो, जागा झालेला सोसत नाही. सफरचंदाच्या कळीचं टोक नुकतं रुपेरी दिसू लागलं असेल, तर उणे ९ अंशांच्या आसपास दहा टक्के कळ्या मरतात. तेच झाड पूर्ण फुलोऱ्यात असेल तर उणे २ अंशांनाच तेवढं नुकसान होतं आणि उणे ४ ला जवळजवळ सगळं जातं. द्राक्षाचा हिरवा कोंब तर उणे एक-दोन अंशांतच काळा पडतो. म्हणजे ती रात्र पूर्वीपेक्षा जास्त गार असण्याची गरजच नाही. झाड पंधरा दिवस पुढे गेलेलं असलं की पूर्वी निभावून जाणारी थंडीच घात करते. वर्षाची सरासरी पाहून निर्धास्त होणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

वालेमधले शेतकरी अशा रात्री काय करतात, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातला हा भाग, पाऊस कमी, जर्दाळू मात्र देशातले बहुतेक इथलेच. तिथे झाडांवर रात्रभर तुषार सिंचन चालवतात. सकाळी फांद्या काचेसारख्या बर्फात दिसतात, पण आतली कळी जिवंत असते. एक लिटर पाणी गोठताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता बाहेर टाकतं. पाणी पडत राहील आणि गोठत राहील, तोवर कळी शून्याच्या आसपास टिकते. मात्र तेच एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं तर सुमारे ६०० किलोकॅलरी ओढून घेतं. म्हणून कोरड्या हवेत पंप उशिरा सुरू केला किंवा मध्येच बंद पडला, तर काहीच न केल्यापेक्षा जास्त नुकसान होतं. पंप शून्याच्या आधी सुरू करायचा आणि बर्फ वितळू लागेपर्यंत थांबवायचा नाही, हा तिथला नियम आहे. पाणी किती लागतं? हेक्टरी तासाला ३० ते ४० हजार लिटर, म्हणजे एकराला १२ ते १६ हजार.

हा आकडा वाचून आपल्याकडच्या कुणीही ही पद्धत उचलू नये. इतकं पाणी आपल्याकडे नाही, लोडशेडिंगमध्ये पंप कधी थांबेल याचा भरवसा नाही. शिवाय थंडीत आपल्या वेलींवर घड लटकलेले असतात, ते रात्रभर भिजवले तर केवडा हा बुरशीचा रोग आणि मण्यांना तडे हे संकट आपणच ओढवून घेऊ. तिथली उपकरणं नकोत, पण त्यामागचा विचार आपल्या कामाचा आहे.

निफाड, दिंडोरी भागात पारा चार अंशांखाली गेल्याच्या रात्री नव्या नाहीत. अशी रात्र ओळखायची कशी? आकाश निरभ्र, वारा पडलेला, हवा कोरडी. जमीन आपली ऊब आकाशाकडे सोडते, गार झालेली जड हवा पाण्यासारखी उताराने वाहत सखल भागात साचते आणि तिच्यावर काही मीटरवर उबदार हवेचा थर राहतो. म्हणून एकाच गटात ओढ्याकाठच्या ओळी आणि वरच्या ओळी यांत दोन-तीन अंशांचा फरक पडतो. साधा किमान-कमाल तापमापक घ्या आणि घराच्या भिंतीवर नको, बागेच्या सर्वात सखल कोपऱ्यात घडांच्या उंचीवर, उन्हापासून आडोसा करून टांगा. मोबाइलवर दिसणारा तालुक्याचा आकडा तुमच्या बागेचा नसतो.

थंडीची लाट येणार असं कळलं की आधी जमीन ओली करून घ्या. ओली, दबलेली जमीन दिवसा जास्त ऊब साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. पहाटे विहिरीचं किंवा बोअरचं पाणी ठिबकने सोडलं तरी फायदा होतो, कारण ते हवेपेक्षा बरंच कोमट असतं. ओळींमधलं गवत कापून घ्या. आच्छादनाबद्दल मात्र थोडं थांबून विचार करा. उन्हाळ्यात ओल टिकवायला आच्छादनासारखं दुसरं काही नाही, आणि मी स्वतः त्याचा आग्रह धरतो. पण दहिवराच्या रात्री वाळलेल्या काडीकचऱ्याचा जाड थर जमिनीची ऊब वर येऊ देत नाही. निदान सखल ओळींमध्ये तेवढे दिवस तो बाजूला सारून ठेवा.

शेकोट्यांबाबत एक गैरसमज घट्ट बसला आहे. धुराने बाग वाचत नाही, उष्णतेने वाचते. जमिनीतून निघून जाणारी ऊब धूर फारशी अडवत नाही. एकच मोठा जाळ केला तर गरम हवा तो वरचा उबदार थर फोडून निघून जाते आणि आजूबाजूची गार हवा बागेत ओढली जाते. त्याऐवजी लहान लहान शेकोट्या बागभर विखरून, विशेषतः गार हवा शिरते त्या बाजूला, पहाटे तीनपासून ऊन येईपर्यंत चालू ठेवा. वालेमध्ये मेणाचे डबे लावतात, तेही याच हिशेबाने, हेक्टरी शेकड्यांनी. टायर आणि प्लास्टिक कधीही जाळू नका.

आपल्याकडे पारा शून्याखाली क्वचितच जातो, म्हणून नुकसान वेगळ्या वाटेने येतं. मण्यांची फुगवण थांबते, आणि पाणी उतरण्याच्या, म्हणजे मणी मऊ होऊन गोडी भरू लागण्याच्या, सुमारास रात्र फार गार आणि दुपार तापलेली असेल तर पिंक बेरी, म्हणजे हिरवे मणी गुलाबी पडणं, दिसू लागते. घडांना कागद लावायचा असेल तर पाणी उतरण्याआधीच लावा, मणी गुलाबी झाल्यावर उपयोग नाही. थंडीत मुळं मंद असतात, तेव्हा एकदम भरपूर पाणी आणि नत्र देऊन फुगवण ओढण्याचा मोह टाळा. थंडी सरली की त्याच मण्यांना तडे जातात.

स्वित्झर्लंडमधले काही बागायतदार आता मुद्दाम उशिरा छाटणी करतात, कारण छाटणी लांबली की डोळे थोडे उशिरा फुटतात. तिथे त्यामुळे थोडेच दिवस हाती लागतात. आपल्या वेलीला थंडीची झोपच नसते, ती छाटणीवर जागी होते, म्हणून फुटीची तारीख बरीचशी आपल्याच हातात असते. तरीही गावात बहुतेक जण शेजाऱ्याने कात्री लावली की आपणही लावतो. सगळी बाग एकाच आठवड्यात छाटण्याऐवजी सखल आणि उंच भागांच्या फळछाटणीत (घड धरण्यासाठी ऑक्टोबरच्या सुमारास होणारी छाटणी) दहा-पंधरा दिवसांचं अंतर ठेवा. मग एकाच वाईट रात्री सगळे घड एकाच नाजूक अवस्थेत सापडणार नाहीत.

त्यासाठी यंदापासून वही घाला. प्रत्येक प्लॉटची छाटणीची तारीख, डोळे फुटल्याची तारीख, फुलोरा, पाणी उतरल्याचा दिवस, आणि डिसेंबर-जानेवारीतलं रोजचं पहाटेचं किमान तापमान, एवढंच लिहा. पुढच्या ऑक्टोबरात कात्री हातात घेण्याआधी ती उघडा.