संशोधन व्यवस्थापकांचा आधारगट: सहाजणांपासून सुरुवात करा

मी संशोधन व्यवस्थापक, म्हणजे संशोधकांचे निधीचे अर्ज आणि बजेट सांभाळणारी. अर्जाची मुदत संपायला दोन तास उरलेत आणि भागीदार संस्थेचं बजेट जुळत नाही. फोन कोणाला करायचा? या प्रश्नातूनच मी अशाच व्यवस्थापकांचा गट बांधला. आधी ४० जणांना बोलावलं, सगळे गप्प. मग सहाच जण, महिन्यातून एकदा, तासभर.

दर वेळी एकानेच आपलं अडलेलं काम मांडायचं. बाकीच्यांनी आधी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला शेवटच्या १५ मिनिटांत. (हेच सगळ्यात अवघड, आमची जमात उपाय सांगायला उतावीळ.)

गुप्ततेसाठी लंडनच्या चॅटम हाउस या संस्थेचा १९२७चा नियम पुरतो: ऐकलेलं वापरा, पण कोण बोललं, कुठल्या संस्थेचं, ते सांगू नका. साहेब आणि त्यांच्या हाताखालचा माणूस एकाच गटात नको. निमंत्रक सहा महिन्यांनी बदला. मी दोन वर्षं एकटीच ओढत बसले होते.