धरणाकाठच्या फ्लॅटचा इसार देण्याआधी

धरणाकाठी फ्लॅट घेण्याआधी काय बघायचं याची यादी करा, आणि सगळ्यात वर हे लिहा: मे महिन्यात जाऊन या. आम्ही दोघे साडू ऑगस्टअखेरीस कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरीकडचा एक प्रकल्प बघायला गेलो होतो. गॅलरीच्या कठड्यापासून वीस पावलांवर पाणी होतं, पलीकडं डोंगरावर ढग उतरलेले. साडूनं तिथंच चेकबुक काढलं. मेहुणीनं अडवलं, "उन्हाळ्यात एकदा बघू, मग द्या." मेमध्ये गेलो तर पाणी पार खाली गेलेलं. मधे भेगाळलेला गाळ, त्यात वर्षानुवर्षं बुडून काळे पडलेले झाडांचे बुंधे आणि त्यातनं वाट काढत पाण्याकडं चाललेल्या म्हशी. फ्लॅट तोच, भावही तोच.

यात कुणाची फसवणूक नाही. हे धरण आहे, देखाव्याचं तळं नाही. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी बांधायला घेतलं ते शेतीच्या पाण्यासाठी. उन्हाळ्यात तिथलं पाणी भोगावतीतनं खाली येतं, ते आपल्याच उसाला. काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइननं कोल्हापुरातल्या आपल्याच नळाला येतं. त्यामुळं पाण्याची पातळी कधी किती असावी यात फ्लॅटवाल्याला काही बोलता येत नाही, आणि येऊही नये. म्हणून पावसाळा संपताना एकदा आणि मेमध्ये एकदा, अशा दोन्ही वेळचे फोटो एकाच गॅलरीतनं काढून ठेवा. पुढं भाड्याची जाहिरात करताना पाहुण्यांनाही दोन्ही दाखवावे लागतील.

त्याच फेरीत कुंपणापासून पाण्यापर्यंतची जमीन कुणाची, ते विचारा. धरणासाठी संपादित झालेली पट्टी पाटबंधारे खात्याची असते. तिथं लॉन करणं, पायऱ्या बांधणं, होड्या सोडणं हे बिल्डरच्या हातात नसतं. माहितीपत्रकात जेटीचं चित्र असेल तर परवानगीचा कागद मागा. नदीकाठचा प्रकल्प असेल तर निळी आणि लाल पूररेषा (पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या रेषा) नकाशावर बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका. 2019 आणि 2021 चा पूर बघितलेल्या कोल्हापूरकराला हे वेगळं सांगायला नको.

कागदांचं काम वकिलाकडंच द्या, पण सात-बारा स्वतः वाचा. भोगवटादार वर्ग 1 आहे की 2? वर्ग 2 असेल तर विक्रीवर बंधनं असतात. 'इतर अधिकार' या रकान्यात पुनर्वसनाचा किंवा कुळाचा शेरा आहे का? धरणाच्या भागात धरणग्रस्तांना वाटप झालेल्या जमिनी असतात, तिथं घाई करू नका. फेरफार उतारे, बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (जमिनीच्या आधीच्या व्यवहारांचा शोध) फाइलला लागला पाहिजे. राधानगरी अभयारण्य जवळ आहे, 2012 पासून ते जागतिक वारसा यादीतही आहे. अभयारण्याभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात नव्या रिसॉर्टवर बंधनं येतात, म्हणून गट नंबर घेऊन वनखात्यात एकदा चौकशी करा.

जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त आणि फ्लॅटही आठपेक्षा जास्त असतील तर महारेराची (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाची) नोंदणी लागते. नंबर घेऊन संकेतस्थळावर ताबा कधीचा दिलाय आणि कोर्टकचेरी चालू आहे का ते बघा. नोंदणीकृत साठेखत (विक्रीचा करार) होण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, आणि भाव कार्पेटवरच (भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवरच) विचारायचा. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. किंमत पन्नास लाख किंवा त्यावर गेली तर एक टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या नावचा आयकर) कापून भरायचं काम घेणाऱ्याचं असतं.

आता भाडं. इथं पेन घेऊन बसा. समजा फ्लॅट 45 लाखांचा आहे आणि रात्रीचे 3,500 मिळतात. शनिवार-रविवार, दिवाळी, मेची सुट्टी, काजव्यांचे दिवस धरून 80 रात्री गेल्या तर 2,80,000 रुपये. फ्लॅट भाड्यानं चालवणाऱ्या कंपनीचा वाटा तीस टक्के, म्हणजे 84,000 गेले. महिना 3,000 प्रमाणे मेंटेनन्सचे 36,000. लाइट बिल, धुलाई, गॅस, मोडतोड यांचे 40,000. उरले 1,20,000. नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी तीस लाख कर्ज काढलं तर वर्षाचा हप्ताच सव्वातीन लाखांच्या जवळ जातो. हप्ता भाड्यातनं फिटेल असं कुणी सांगितलं तर हा कागद त्याच्यापुढं ठेवा. ही जागा पहिल्यांदा आपल्या सुट्टीसाठी घ्यायची. भाड्यानं मेंटेनन्स आणि घरपट्टी निघाली तरी पुष्कळ झालं, असं माझं ठाम मत आहे.

'हमखास परतावा' म्हणत असतील तर ती हमी बिल्डरची की वेगळ्याच कंपनीची, किती वर्षांची, आणि कंपनी बंद पडली तर कुणाला धरायचं, हे करारात वाचा. मालकाला स्वतः राहायला मिळणारे दिवस किती आणि कोणते, तेही वाचा. बऱ्याचदा दिवाळी आणि मे त्यातनं वगळलेले असतात. मग आपण जायचं कधी?

शेवटचं, जुलैत दोन रात्री तिथं राहा. लाइट गेल्यावर जनरेटर किती वेळात चालू होतो, मोबाइलला रेंज येते का, मध्यरात्री मूल आजारी पडलं तर गाडी रस्त्यावर निघते का, हे तेव्हाच कळतं. तयार फ्लॅटमधलं कपाट उघडून वास घ्या. एका ओळखीच्यांनी जूनमध्ये तिथल्या कपाटात कोल्हापुरी चपलांचा नवा जोड ठेवला होता. दसऱ्याला उघडलं तर त्यावर बोटभर पांढरी बुरशी, आणि कातडं हाताला मऊ लागत होतं. पावसाळाभर दर आठवड्याला दारं-खिडक्या उघडणारा गावातला माणूस आधी ठरवा, त्याचा पगार वरच्या हिशेबात धरा, मग फर्निचर करा.

आम्ही अजून टोकन दिलेलं नाही. साडूनं जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातल्या दोन रात्रींचं बुकिंग केलंय, आणि मेहुणी कपाटात ठेवायला एक जुनी चामड्याची पर्स घेऊन येणार आहे.