तळ्याकाठच्या आणि माळावरच्या आक्रमक परक्या प्रजाती कशा ओळखाव्यात

एखादी वनस्पती माजली म्हणजे ती परकी, असे धरून चालू नका. पाणकणीस तळ्याचा अर्धा काठ व्यापते, पण ते इथलेच आहे आणि पाणपक्षी त्यात घरटी करतात. म्हणून कोणत्याही प्रजातीच्या किमान दोन पक्क्या खुणा जुळवाव्यात आणि तिच्यासारखी दिसणारी देशी प्रजाती कोणती, तेही तपासावे.

पाहणीसाठी ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ बरा. तेव्हा रानमोडी हे परके झुडूप फुलते. सोबत ३० सेंमीची पट्टी, दहापट भिंग, हातमोजे आणि मोबाइल पुरे. वनस्पतीचे चार फोटो घ्या: संपूर्ण झाड, पानाच्या दोन्ही बाजू, पान खोडाला जुळते ती जागा, फूल किंवा फळ. नुसत्या फुलाच्या फोटोवरून बरेचदा ओळख पटत नाही.

पाण्यापासून सुरुवात करा. जलपर्णीची खूण म्हणजे फुगीर, स्पंजासारखा देठ. मात्र दाट गर्दीत देठ उंच आणि सडपातळ होतात आणि इथेच चूक होते. अशा वेळी कडेचे मोकळे रोप उचलून मुळे पाहा: पिसासारखी, काळपट जांभळी. फूल फिकट जांभळे आणि वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका. निळ्या फुलांची एक देशी पाणवनस्पतीही अशीच वाटते, पण ती चिखलात रुजलेली असते. तरंगत नाही, देठही फुगत नाही.

जाळ्यात मिशांचा मोठा मासा आला तर घाई नको. देशी मांगूर सहसा फूटभराचा असतो, आफ्रिकन मांगूर मीटरभरही वाढतो. पण आफ्रिकन मांगराचे पिल्लूही फूटभराचेच असते, त्यामुळे एकट्या लांबीवर निकाल देऊ नये. मासा उलटा करा. डोक्याच्या खालच्या बाजूला दोन्हीकडे एकेक काळसर पट्टा असेल, तर संशय बळावतो. वरून, बाजूने आणि खालून असे तीन फोटो पट्टीसह काढून मत्स्यव्यवसाय विभागाला दाखवा. आफ्रिकन मांगराच्या पालनावर देशात बंदी आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तो नष्ट करण्याचा आदेश दिला. तो हवेतही श्वास घेतो आणि पाण्याबाहेर बराच वेळ जगतो, तेव्हा काठावर टाकला म्हणजे मेला, असे समजू नका. आणि दया आली म्हणून पाण्यात परत तर मुळीच सोडू नका. तो देशी मासे आणि बेडूक फस्त करतो.

कासवाच्या बाबतीत चूक महागात पडते. लाल कानाच्या परक्या कासवाच्या डोळ्यामागे लाल पट्टा आणि मान-पायांवर पिवळ्या रेघा असतात. वय वाढलेल्या नराचा रंग काळवंडतो, मग लाल पट्टा दिसेलच असे नाही. मऊ कातडी पाठ आणि लांब सोंडेसारखे नाक दिसले, तर ते देशी कासव. पाठीवर तीन कंगोरे असलेले काळे कासवही देशीच. देशी कासवांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून शंका असल्यास न उचलता फोटो काढा आणि वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.

काठावर घाणेरी आणि रानमोडी या दोन परक्या झुडपांत गल्लत होते. घाणेरीचे खोड चौकोनी आणि काटेरी असते, पान खरखरीत. रानमोडीला काटे नसतात. पानाच्या तळापासून तीन शिरा त्रिशूळासारख्या निघतात. दोन्हींची पाने चुरगळली की उग्र वास येतो, त्यामुळे वासावर विसंबू नये.

माळावर वेडी बाभूळ आणि देशी बाभूळ यांची फुले आणि शेंगा पाहा. देशी बाभळीचे फूल पिवळा गोल गोंडा, शेंग मण्यांच्या माळेसारखी. वेड्या बाभळीचे फूल लांबट तुरा, शेंग पिवळसर आणि सलग. ही ओळख चुकली तर माळाचे देशी झाड तोडले जाते, आणि ज्या वेड्या बाभळीने लांडग्याचा गवताळ माळ गिळला ती तशीच राहते.

ओळख पक्की झाली की ठिकाण आणि तारखेसह ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे नोंद द्या. जलपर्णी काढायची तर फुलण्याआधीच. तिचे बी चिखलात १५ वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकते. काढलेला ढीग पुराच्या रेषेच्या वर टाका, नाहीतर पहिल्याच पावसात तो परत पाण्यात येतो.