लॉ सोसायटीत वकिलांचं लेक्चर ठेवायचं असेल तर विषय नका देऊ, फाइल मागा

कॉलेजात असताना दोन वर्षं आमच्या स्टुडंट लॉ सोसायटीच्या लेक्चरचं सगळं काम माझ्याकडे होतं, आता मी नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्येच, कोर्टाच्या भागात, ज्युनिअर वकील म्हणून फिरतो आणि दरवर्षी नवीन पोरंपोरी फोन करून विचारतात, दादा वकील कसे बोलवायचे, कोणाचा नंबर आहे का. नंबर मिळून जातो हो, अडते ते पुढचं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

सगळ्यात आधी, बोलायला येणाऱ्या वकील सरांना विषय देऊ नका. "फौजदारी वकिलीतलं करिअर" नाहीतर "नवीन कायदे, एक आढावा" असं पत्रात लिहिलं की माणूस कितीही मुरलेला असू द्या, तो तेच बोलतो जे पुस्तकात आहे, शेवटी मेहनत करा म्हणतो, पोरं टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. त्यापेक्षा सरळ म्हणा की सर, तुमची एखादी संपलेली मॅटर म्हणजे केस, अपीलही निकाली निघालेलं, तिचे कागद नावं झाकून घेऊन या आणि पक्षकार पहिल्या दिवशी काय घेऊन आला होता तिथून सुरू करा. चालू मॅटरवर वकील बोलत नाही, बोलूही नये. आणि संपलेल्या मॅटरमध्येसुद्धा पक्षकारानं विश्वासानं जे सांगितलं ते बाहेर काढता येत नाही, साक्ष अधिनियमाचं, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याचं, कलम १३२ वाचा, जुन्या कायद्यात हेच १२६ होतं. म्हणून रेकॉर्डवर आलेलेच कागद मागायचे, एफआयआर, जबाब, उलटतपासणी, निकाल.

आमच्याकडे एक मॅडम आल्या होत्या, जिल्हा कोर्टात ट्रायल चालवणाऱ्या. त्यांनी एकाच साक्षीदाराचा पोलिसांसमोरचा जबाब आणि कोर्टातली साक्ष, दोन्हीच्या झेरॉक्स वाटल्या, नावांवर काळा मार्कर मारलेला, आणि म्हणाल्या दहा मिनिटं देते, फरक शोधा. पोलीस तपासात घेतात तो जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६१ चा जबाब म्हणजे काय हे सगळ्यांना पाठ होतं, नवीन संहितेत तो १८० झाला तेही माहीत होतं, पण कागद हातात आल्यावर हॉल एकदम गप्प. मागच्या बाकावरच्या एका मुलीला सापडलं, पोलिसांना दिलेल्या जबाबात काठीचा उल्लेखच नाही आणि कोर्टात साक्षीदार काठी म्हणून राहिला. मॅडमनी तिला एवढंच विचारलं, "आता तू उभी आहेस त्याच्यासमोर. काठीचं विचारशील की गप्प बसशील?" त्या एका प्रश्नावर पाऊण तास गेला, कोणी म्हणे विचारायलाच पाहिजे, कोणी म्हणे विचारलं तर तो कारण सांगून मोकळा होईल, मग जबाब घेणाऱ्या पोलिसाला काय विचारायचं तिथपर्यंत गाडी गेली. त्या झेरॉक्स माझ्याकडे अजून आहेत.

म्हणून मोठ्या नावाच्या मागे लागू नका. नागपूरला नावांची कमी नाही, हिदायतुल्ला, बोबडे, गवई, सगळे इथल्या वकिलांच्या बारमधून सरन्यायाधीशपदापर्यंत गेले, आणि हिदायतुल्ला तर १९३५ ते १९४३ वकिली सांभाळून आपल्याच युनिव्हर्सिटीच्या लॉ कॉलेजात शिकवायचे, म्हणजे कोर्टातल्या माणसानं वर्गात येणं इथे काही नवीन नाही. पण तुमच्यातले कितीतरी जण सुरुवातीची वर्षं जिल्हा कोर्ट, फॅमिली कोर्ट, ग्राहक आयोगात काढणार, तिथे रोज उभा राहणारा दहा-बारा वर्षांच्या अनुभवाचा वकील तुम्हाला जास्त देऊन जाईल. आणि त्याला मराठीत बोलू द्या, खालच्या कोर्टात अर्धं काम मराठीतच चालते.

वेळेचं. कोर्टाच्या दिवशी दुपारची वेळ ठेवूच नका. आम्ही एकदा बुधवारी ३ वाजता ठेवलं, सरांची मॅटर दुपारनंतर निघाली आणि लांबली, ते बिचारे साडेपाचला धावत पोचले तोवर हॉलमध्ये बारा जण उरले होते, त्यांना काय वाटलं असेल ते आजही टोचते. दुसऱ्या दिवशीचा बोर्ड, म्हणजे कोणत्या केस निघणार त्याची यादी, आदल्या संध्याकाळी लागतो, त्याआधी कोणी वकील पक्कं सांगू शकत नाही, तर शनिवार बघा, दुसरा किंवा चौथा असेल तर जिल्हा कोर्टालाही सुट्टी असते, नाहीतर संध्याकाळी ६ नंतर. एप्रिल-मे सोडून द्या, आपल्या उन्हात कूलरच्या आवाजात मागच्याला काही ऐकू येत नाही.

पोस्टरकडे नीट लक्ष द्या, इथे वकिलाला खरंच त्रास होऊ शकतो. बार कौन्सिलच्या नियमांतला ३६ वा नियम जाहिरातीला मनाई करतो, आडून केलेलीही चालत नाही, आणि चालवलेल्या केसच्या संदर्भात फोटो छापून आणणंही त्यात येते. आमच्या पोरानं उत्साहात "अमुक गाजलेल्या केसचे विजेते" असं टाकून ग्रुपवर फिरवलं, अर्ध्या तासात सरांचा फोन, "बेटा, ते आधी काढ." काढलं, माफी मागितली. नाव, ॲडव्होकेट, तारीख, वेळ, हॉल, बस. मोबाइल नंबर नको, ऑफिसचा पत्ता नको, आणि छापण्याआधी त्यांनाच दाखवा. रेकॉर्डिंग करायचं असेल तर लेखी विचारा, नाही म्हणाले तर विषय संपला.

मानधनाचं सुरुवातीलाच मोकळेपणानं बोला. बरेच जण घेत नाहीत, पण येण्याजाण्याची सोय तुम्ही करायची. एखादे सर म्हणतील वकिलाला शिकवायला चालते का, तर १९७९ चे वकिलांच्या अध्यापनाचे नियम आहेत, दिवसाला ३ तासांच्या आत असेल तर वकिली करता करता शिकवता येते.

प्रश्न आधी चिठ्ठीवर घ्या आणि तुम्ही स्वतः वाचून लावा. कोणीतरी घरच्या शेतीच्या वाटणीचं विचारणारच, ते बाजूला ठेवा, कारण सरांनी शंभर जणांसमोर कागद न बघता उत्तर दिलं आणि ते चुकलं तर त्या घराचं नुकसान आहे. त्या मुलाला नंतर एकट्याला भेटवा.

लेक्चर झालं की तर्री पोहे आणि चहा ठेवा आणि सरांना लगेच गाडीत बसवू नका, जी पोरं माइकवर बोलत नाहीत ती इथे बोलतात. त्याच वेळी विचारून टाका की सर, पुढच्या आठवड्यात तुमच्या कोर्टात येऊन बसलो तर चालेल का. हो म्हणाले तर पाच-सहा जणच जा, पांढरा शर्ट, फोन बंद, न्यायाधीश साहेब आले की उभं राहायचं, आणि मागच्या बाकावर बसा, तेही जागा असेल तरच, कारण गावाहून तारखेला आलेली माणसं सकाळपासून उभी असतात.