कोल्हापूरच्या पावसात अडेनियम वाचवलं ते असं

आषाढात कोल्हापूरला पावसाची झड लागली की गच्चीवरच्या अडेनियमचं काही खरं नसतं. हे झाड मूळचं आफ्रिका आणि अरबस्तानातलं. फुगीर बुंध्यात पाणी साठवून कोरड्यात जगणारं. माझ्या गडद गुलाबी अडेनियमची पानं पिवळी पडून गळायला लागली, बुंधा दाबला तर मऊ लागला. म्हणजे कूज.

लगेच कुंडीतून काढलं, मुळं धुतली. स्पिरिटनं पुसलेल्या सुरीनं तपकिरी भाग कापत गेलो, पांढरा घट्ट गर दिसेपर्यंत. इथं हात आखडता घेऊ नका. जरासा डाग राहिला तरी कूज पुन्हा पसरते. (चीक विषारी असतो, हातमोजे घालाच.) कापलेल्या जागी बुरशीनाशकाची पूड लावली आणि जखम पूर्ण सुकेपर्यंत झाड सावलीत आडवं ठेवलं.

आपली काळी माती या झाडाला नकोच, ती पाणी धरून ठेवते. निम्म्याहून जास्त विटांचे बारीक तुकडे आणि जाड वाळू, बाकी चांगलं कुजलेलं शेणखत. कुंडी पत्र्याखाली ठेवली, पाणी नवी पालवी दिसल्यावरच, तेही बेतानं. दसऱ्यानंतर उन्हात आणली. आता शेंड्यांना कळ्या धरल्यात.