पिकअप ठरवण्याआधी ट्रेलर काट्यावर चढवा

वर्षातून दोन-तीनदाच कॅरॅव्हॅन ट्रेलर ओढायचा असला, तरी गाडी निवडताना आपण इंजिनाची ताकद पाहत बसतो. खरी अडचण मात्र ट्रेलर अडकवायच्या गाडीमागच्या हुकवर पडणाऱ्या भाराची असते आणि तो अर्ध्या तासात मोजता येतो.

१. पाण्याची टाकी, सिलिंडर, अंथरूण-पांघरूण यांसह भरलेला ट्रेलर ओळखीच्या गाडीला जोडून कळंबोलीच्या लोखंड बाजारातील वजनकाट्यावर न्यावा.

२. गाडी काट्याबाहेर आणि ट्रेलरची चाके काट्यावर ठेवून एक वजन घ्यावे. मग ट्रेलर सोडवून, त्याचे पुढचे टेकणचाकही काट्यावरच टेकवून दुसरे घ्यावे. दोहोंतील फरक हा हुकचा भार होय. तो एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के असावा.

३. पावतीच्या पाठीवरच बेरीज करावी : १,५०० किलोच्या ट्रेलरचा हुकभार १५०, चार माणसांचे २८०, हौद्यातील सामानाचे ७०, म्हणजे पिकअपची स्वतःवर भार पेलण्याची क्षमता किमान ५०० किलो हवी.

गाडीच्या पुस्तिकेत ब्रेक असलेल्या व नसलेल्या ट्रेलरसाठी ओढण्याची मर्यादा बहुधा वेगवेगळी दिलेली असते. विक्रेता मोठा आकडा सांगतो, आपण आपल्या ट्रेलरचा वाचावा. खंडाळ्याचा घाट वाटेत असेल, तर त्या मर्यादेच्या काठावर गाडी घेऊ नये.